गगनयानात तीन माणसांबरोबर एक मोठा कॅमेराही पाठवा

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय अंतराळ संशोधन संस्था (इस्रो), बंगळूरू
मा. महासंचालक, राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद, कोलकाता

विषय : गगनयान मोहिमेचं विज्ञान संग्रहालयांच्या मोठ्या पडद्यासाठी चित्रण

महोदय,

स. न. वि. वि.

१९८४ च्या एप्रिलमध्ये, ६ तारखेपासून ११ तारखेपर्यंत, पृथ्वीभोवती एकाच वेळी अकरा माणसं फिरत होती. तोवर इतकी माणसं एकदम अंतराळात कधीच नव्हती. त्यांतली सहा सोव्हिएत संघाच्या सॅल्यूत-७ स्थानकात होती आणि त्या सहांत आपले राकेश शर्मा होते. उरलेली पाच अमेरिकेच्या चॅलेंजर यानात. चॅलेंजरमध्ये आणखी एक अवजड पाहुणा होता, आयमॅक्सचा, म्हणजे अवाढव्य पडद्यासाठी मोठ्या फिल्मवर चित्र घेणाऱ्या पद्धतीचा कॅमेरा. अंतराळात जाण्याची त्याची ती पहिलीच खेप. त्या आठवड्यातून त्यांच्या हाती काय लागलं आणि आपल्या हाती काय, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

चॅलेंजरकडे त्या फेरीत दोन मोठी कामं होती. एलडीईएफ नावाचा, ५७ प्रयोग अंगावर घेतलेला नऊ मीटर लांबीचा सांगाडा कक्षेत सोडायचा होता. आणि सोलर मॅक्स हा बिघडलेला उपग्रह गाठून, पकडून, दुरुस्त करून पुन्हा कामाला लावायचा होता. ८ एप्रिलला जॉर्ज नेल्सन पाठीवरच्या झोतयंत्रानं तरंगत उपग्रहापाशी पोचले, पण पकड बसेना. हातानं आवरायला गेले तर तो आणखीच गिरक्या घ्यायला लागला. दोन दिवसांनी यानाच्या यांत्रिक हातानं तो अलगद धरला, ११ तारखेला दुरुस्ती झाली, १२ ला तो परत सोडला. या फेरीचं, आणि त्याच वर्षीच्या आणखी दोन फेऱ्यांचं चित्रण जोडून १९८५ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात 'द ड्रीम इज अलाइव्ह' हा ३७ मिनिटांचा चित्रपट लागला. निवेदन अमेरिकेतले नामवंत वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांचं. चौदा अंतराळवीरांनी त्यासाठी कॅमेरा चालवायचं शिक्षण घेतलं होतं.

आपल्याकडे काय आलं? राकेश शर्मा ज्या कुपीत बसून परतले ती सोयुझ टी-१० ची कुपी दिल्लीच्या नेहरू तारांगणात ठेवली आहे. तिच्यावरच्या जळक्या खुणा पाहण्यासारख्या आहेत. भारताच्या भूभागाची त्यांनी वरून घेतलेली छायाचित्रं शास्त्रज्ञांच्या कामाला आली. आणि लोकांच्या मनात उरला तो पंतप्रधानांशी झालेला दूरदर्शनवरचा संवाद, मुंग्या आलेल्या पडद्यावरचा. चाळीस वर्षं आपण तोच तुकडा दाखवतो आहोत. यात कोणाचा दोष काढायचा नाही. तेव्हा यान त्यांचं होतं, स्थानक त्यांचं होतं, कॅमेरे त्यांचे होते, आपण पाहुणे होतो. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले. त्यांची तिथली चित्रणं मोबाइलवर घरोघरी पाहिली गेली. पण तिथेही आपण पाहुणेच होतो. गगनयानात तसं असणार नाही. यान आपलं, रॉकेट आपलं, श्रीहरिकोट्याचा तळ आपला, परतल्यावर कुपी उचलून आणणारं नौदल आपलं. त्यामुळे या वेळी पडद्यावर काय उरेल याची जबाबदारीही सगळी आपलीच.

मी सांगलीची. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. मुलगी मेरिलँडला असते, तिच्याकडे गेले की वॉशिंग्टनच्या त्या संग्रहालयात माझी फेरी ठरलेली. तिथल्या चित्रपटगृहाचा पडदा पाच मजली इमारतीएवढा आहे. संग्रहालय १ जुलै १९७६ ला उघडलं तेव्हा 'टू फ्लाय!' हा २७ मिनिटांचा चित्रपट त्याच्याबरोबरच सुरू झाला. ग्रेग मॅकगिलिव्हरे आणि जिम फ्रीमन या दोघांनी तो केला. फ्रीमन बिचारे प्रदर्शनाच्या तोंडावर हेलिकॉप्टर अपघातात गेले. चित्रपटाची सुरुवात मोठी चतुर आहे. एकोणिसाव्या शतकातला एक फुगेवाला उड्डाणाच्या तयारीत असतो. चित्र पडद्याच्या मधोमध, लहानसं. फुगा जमीन सोडतो आणि चित्र चहूबाजूंनी पसरत सगळा पडदा व्यापतं. सगळं प्रेक्षागृह एकदम श्वास आत घेतं. एका उन्हाळ्यासाठी, अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त केलेला हा चित्रपट पुढे अनेक दशकं चालत राहिला आणि १९९५ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत गेला.

आयमॅक्सची यंत्रणा थोडक्यात सांगते, कारण माझं पुढचं म्हणणं तिच्यावरच उभं आहे. १९६७ च्या सुमाराला कॅनडातल्या ग्रेम फर्ग्युसन, रोमन क्रॉइटर, रॉबर्ट केर आणि बिल शॉ यांनी ७० मिलिमीटरची फिल्म उभी न धावता आडवी धावेल अशी योजना केली. एकेका चौकटीला, फिल्म ओढण्यासाठी, कडेला पंधरा भोकं. साध्या ३५ मिलिमीटरच्या चौकटीच्या आठ-नऊ पट मोठं चित्र. एवढी मोठी फिल्म नेहमीच्या पद्धतीनं ओढली तर फाटेल, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या रॉन जोन्स यांची लाटेसारखी सरकवण्याची युक्ती त्यांनी घेतली. १९७० च्या ओसाका प्रदर्शनात पहिला चित्रपट दाखवला, १९७१ मध्ये टोरांटोत पहिलं कायमचं चित्रपटगृह झालं, १९७३ मध्ये सॅन दिएगोत याच फिल्मसाठी घुमट बांधला गेला. पण या फिल्मचा खादाडपणा असा की मिनिटाला शंभर मीटरहून जास्त संपते. तीनशे मीटरचं रीळ घातलं की तीन मिनिटांत रिकामं.

आता हे अंतराळयानात करून बघा. रीळ मोजकी. प्रत्येक तीन मिनिटांनी कॅमेरा उघडायचा. मदतीला कॅमेरामन नाही. जो अंतराळवीर सकाळी उपग्रह सोडतो त्यानंच दुपारी प्रकाश मोजायचा, भिंग बदलायचं, चौकट लावायची. १९८४ च्या ऑगस्टमध्ये डिस्कव्हरी यानाच्या पहिल्या फेरीत ज्युडिथ रेझनिक यांचे मोकळे तरंगणारे केस कॅमेऱ्याच्या फिरत्या पट्ट्यात अडकले आणि कापून सोडवावे लागले. २००९ मध्ये हबल दुर्बिणीच्या शेवटच्या दुरुस्तीला गेलेल्या यानात त्रिमितीचा कॅमेरा बाहेर, मालकक्षात बसवला होता. त्यात मैलाहून थोडी जास्त लांब फिल्म, आणि तिच्यात मावणारं चित्रण फक्त आठ मिनिटांचं. वर गेल्यावर रीळ बदलायची सोय नाही. पाच दिवस माणसं बाहेर जाऊन काम करत होती आणि त्यातली कोणती आठ मिनिटं टिपायची हे आधीच ठरवून गेले होते. आत बसलेल्या वैमानिकानं बटण कधी दाबायचं याचा तक्ता होता.

मला हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. फिल्म महाग आणि थोडी होती म्हणून आधी विचार करावा लागला. जेम्स नाइहाउस नावाचा छायाचित्रकार वर्षानुवर्षं अंतराळवीरांना कॅमेरा शिकवत राहिला. टोनी मायर्स ही बाई १९८५ च्या चित्रपटापासून २०१६ पर्यंत या मालिकेत होती. आधी संकलन, मग लेखन, निर्मिती, दिग्दर्शन. आंतरराष्ट्रीय स्थानकावरच्या २००२ च्या त्रिमिती चित्रपटासाठी अमेरिकेचे आणि रशियाचे मिळून पंचवीस जण तिचे कॅमेरामन होते. तीसेक वर्षं एका माणसाच्या डोक्यात सगळं साठत गेलं, म्हणून आधीच्या चित्रपटात जे निसटलं ते पुढच्यात सापडलं. आपल्याकडे माहितीपटाचं काम दर वेळी नवी निविदा काढून एल-वनला, म्हणजे सर्वांत कमी दर भरणाऱ्याला, दिलं जातं. खुर्च्या घ्यायला ती पद्धत ठीक आहे. या कामाला नाही.

फिल्मची अडचण आता उरलेली नाही. २०१६ चा 'अ ब्यूटिफुल प्लॅनेट' डिजिटल कॅमेऱ्यांवरच चित्रित झाला, स्थानकाच्या कुपोला नावाच्या सात खिडक्यांच्या सज्जातून. रात्रीची शहरं, विजा, ध्रुवीय प्रकाश हे सगळं त्यात इतकं स्वच्छ आलं की जुन्या फिल्मवर ते जमलंच नसतं. तीन माणसांच्या तीन दिवसांच्या उड्डाणात अंगचा भार ग्रॅमग्रॅमनं मोजावा लागतो हे मला कळतं, पण आजचा उत्तम कॅमेरा त्या जुन्या धुडाच्या मानानं काहीच नाही. अडचण दुसरीच आहे. स्वस्त झाल्यामुळे "घेऊ की भरपूर, नंतर बघू" असं होतं, आणि नंतर बघितल्यावर कळतं की मोठ्या पडद्यावर धरेल असं त्यात मिनिटभरही नाही. हातात हलणारा कॅमेरा मोबाइलवर चालतो. पाच मजली पडद्यावर त्यानं लोकांना ओकारी येते.

चंद्रयान-३ ची २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवा. सगळा देश काय बघत होता? एक आलेख. त्यावरून खाली सरकणारा ठिपका, बाजूला संगणकानं काढलेलं यानाचं चित्र आणि नियंत्रण कक्षातले चेहरे. उतरतानाचं खरं चित्रण नंतर आलं. त्या दिवशी ठिपका पुरला, कारण नाट्य मुळातच इतकं मोठं होतं, आणि उतरणाऱ्या यानाकडून त्या घटकेला दुसरी अपेक्षाही करू नये. पण संग्रहालयात दहा वर्षांनी येणाऱ्या पोराला तो ठिपका कसा पुरेल? त्याला तिथे उभं राहायचंय.

तर मागणं असं आहे. कॅमेरा हा मोहिमेच्या उपकरणांच्या यादीत आत्ताच घाला. प्रसिद्धी विभागाच्या यादीत घालू नका, तिथे तो शेवटी येतो आणि पहिल्यांदा गळतो. खिडकीच्या काचेचा प्रश्न आताच सुटायला हवा. आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब काचेत पडतं, जाड काचांच्या थरांतून सरळ रेषा वाकड्या दिसतात, आणि वर गेल्यावर त्यावर इलाज नसतो. आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या अमेरिकन प्रयोगशाळेत छायाचित्रणासाठी मुद्दाम उच्च प्रतीच्या काचेची खिडकी बसवली आहे, ती काही कोणाला नंतर सुचलेली नाही. माणसांआधी जी रिकामी उड्डाणं आखली आहेत, ज्यांत व्योममित्रा हा यंत्रमानव बसणार आहे, त्यांत कॅमेऱ्याची रंगीत तालीम करून घ्या. तिला केस अडकायची भीती नाही.

आणि काय टिपायचं ते कागदावर मांडा. यान चारशे किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर वेगानं जातं. मुंबई ते नागपूर हे अंतर त्याला दीड मिनिटाचं. त्या दीड मिनिटात सह्याद्रीची कड, कोयनेचं लांबोडकं पाणी, उजनीचा फुगवटा, पलीकडे काळी जमीन, आणि लांब पल्ल्याचं भिंग लावलेलं असेल तर लोणारचं वर्तुळ. पण कोणत्या फेरीत, दिवसाच्या कोणत्या वेळी, सूर्य किती वर असताना? सकाळी नऊला सावल्या लांब पडतात म्हणून डोंगर उठून दिसतात, दुपारी बाराला तेच सपाट भासतात. पावसाळ्यात उड्डाण झालं तर फक्त ढग दिसतील. मग तेच चित्र घ्या, अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी ढगांची फौज इतक्या उंचीवरून अजून कोणी मोठ्या पडद्यावर नीट मांडलेली मला तरी दिसलेली नाही. हे अमेरिकन चित्रपट आपल्या देशावरून उडाले तेही त्यांच्या गोष्टीच्या ओघात. आपल्या नद्यांजवळ, आपल्या किनाऱ्याशी थांबायचं कारण त्यांना नव्हतं.

शिक्षिका म्हणून एक हट्ट आहे. अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं, हे वाक्य मी किती वह्यांमध्ये खोडलं असेल त्याला सुमार नाही. चारशे किलोमीटरवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के असते. माणसं तरंगतात कारण ती यानासकट सतत पडत असतात, आणि आडवा वेग इतका असतो की पडताना जमीनही वळून खाली जात राहते. फळ्यावर हे कितीदा काढलं तरी पोरांच्या चेहऱ्यावर विश्वास दिसत नाही. मोठा पडदा इथे उपयोगी पडतो, कारण तो डोळ्यांच्या कडांपर्यंत पोचतो आणि शरीराला फसवतो. घुमटात बसल्यावर खुर्चीचे हात घट्ट धरलेली मोठी माणसं मी पाहिली आहेत. त्या क्षणी, पोटात खड्डा पडलेला असताना, निवेदकानं एकच वाक्य सांगावं: "तुम्ही आत्ता पडत आहात." पुस्तकातलं पान तिथे शरीराला समजतं.

निवेदनावरून आठवलं. या चित्रपटांत निवेदक बराच वेळ गप्प असतो, आणि तेच त्यांचं बळ आहे. आपल्या सरकारी माहितीपटांना शांततेची भीती वाटते. सतार, तुतारी, धीरगंभीर आवाज, विशेषणांचा पाऊस. हात जोडून सांगते, पहिली पाच मिनिटं मान्यवरांच्या शुभेच्छा नकोत. रॉकेट सुटतानाचा आवाज नीट ध्वनिमुद्रित करा, तळाच्या जवळ, जिथे माणूस उभा राहू शकत नाही तिथे ध्वनिग्राहक ठेवून. मग त्या आवाजाच्या वर काहीही घालू नका.

थुंब्याच्या सायकलवरचं रॉकेटचं नाकाड आणि बैलगाडीवरचा ॲपल उपग्रह ही दोन छायाचित्रंही आता पुरे. घालायचीच असतील तर बैलगाडीचं खरं कारण सांगा. अँटेनाच्या चाचणीत धातूच्या ट्रकचा अडथळा नको, म्हणून लाकडी गाडी आणली होती. त्यात गरिबीची कहाणी नव्हती, उत्तम अभियांत्रिकी होती. आणि उड्डाणाचा इतिहास सांगायची वेळ आली तर १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडाल्याची गोष्ट पडद्यावर आणू नका. तिला त्या काळचा भरवशाचा पुरावा नाही, आणि जी प्राचीन विमानविद्या तिच्या आधाराला सांगतात तिच्यातली यंत्रं उडू शकत नाहीत हे बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं आहे. आपल्याकडे खऱ्या गोष्टी कमी आहेत का? १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एकट्यानं जुहूला उतरले. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मरुत हे लढाऊ विमान उभं आहे, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं, इथेच घडवलेलं. मुलं त्याच्यापुढे फोटो काढतात आणि पुढे जातात, कारण ते उडताना कसं दिसायचं हे दाखवणारं शेजारी काही नाही.

अमेरिकन चित्रपटांची भाबडी स्तुती करायला मी हे पत्र लिहीत नाही. त्यांच्यामागे लॉकहीड कंपनीचा पैसा होता, आणि तो दिसतो. १९८५ च्या चित्रपटात सगळं उजळ आहे, यान म्हणजे जणू रोजची बस. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर फुटलं. गेलेल्या सातांपैकी रेझनिक आणि डिक स्कोबी दोघेही त्या चित्रपटात हसत, काम करत दिसतात. चित्रपट पुढेही चालू राहिला आणि तेच दृश्य प्रेक्षक वेगळ्या नजरेनं पाहू लागले. त्यात धोक्याबद्दल आधीपासून चार प्रामाणिक वाक्यं असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. आपल्या चित्रपटात ती असावीत. १० ऑगस्ट १९७९ ला आपलं एसएलव्ही-३ रॉकेट समुद्रात पडलं, ७ सप्टेंबर २०१९ ला चंद्रयान-२ चा विक्रम हा उतरणारा भाग चंद्रावर आदळला. दोन्हींच्या पुढच्या खेपा यशस्वी झाल्या म्हणून आपण ते प्रेमानं सांगतो. पण माणसं बसलेली असताना चूक दुरुस्त करायला दुसरी खेप मिळत नाही. म्हणून कुपीला रॉकेटपासून ओढून दूर नेणारी सुटकेची यंत्रणा, तिची २१ ऑक्टोबर २०२३ ची चाचणी, त्या सकाळी आधी मोजणी थांबली ती आणि मग दुरुस्ती करून उड्डाण झालं ते, हे सगळं चित्रपटात सविस्तर यायला हवं. भीती कशाची आहे हे ठाऊक असलेलाच प्रेक्षक धैर्य ओळखतो.

आता संग्रहालय परिषदेला. दाखवणार कुठे, हा प्रश्न तुमचा आहे. कोलकात्याच्या सायन्स सिटीत १९९७ पासून २३ मीटर व्यासाचा तिरका घुमट आहे, मोठ्या फिल्मच्या प्रोजेक्टरसह उघडलेला. मुंबईत वडाळ्याला २००१ मध्ये देशातला पहिला आयमॅक्स घुमट झाला. सुरुवातीला तिथे शाळांच्या सहली माहितीपट बघायला जात. पुढे नेहमीचे व्यावसायिक चित्रपट आले आणि सहली थांबल्या. चित्रपटगृहवाल्यांना काय दोष द्यायचा, त्यांना दाखवायला नवं आणि आपलं असं काही कोणी दिलंच नाही. नागपूरच्या रामन विज्ञान केंद्रात तारांगण आहे, पिंपरी-चिंचवडला आहे, आणि पुण्यात टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तर १९५४ पासून आहे. पडदे आहेत. लहान-मोठे, चपटे-गोल, वेगवेगळ्या क्षमतेचे. म्हणून चित्रपट करतानाच घुमटासाठी आणि सपाट पडद्यासाठी अशा दोन स्वतंत्र प्रती करायला लागतील. एकाची ताणून दुसरी करता येत नाही. घुमटात प्रेक्षक वर आणि भोवती बघतो, तिथे मुख्य गोष्ट चौकटीच्या मध्यावर ठेवली तर सगळ्यांच्या माना दुखतात. त्यासाठी काही दृश्यं वरच रुंद भिंगानं वेगळी घ्यावी लागतील, म्हणजे पुन्हा सुरुवातीचा मुद्दा आलाच: आधी ठरवा.

ज्या तालुक्यांत घुमट नाही तिथे हवा भरून उभा करायचा फिरता घुमट जातो. तुमच्या फिरत्या प्रदर्शनाच्या बसगाड्या तर १९६५ पासूनच्या परंपरेतल्या. जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या जिल्हा परिषद शाळांतल्या मुलांना वरळी किंवा कोलकाता परवडत नाही. त्यांच्या पटांगणात हा चित्रपट गेला पाहिजे, आणि मराठीत गेला पाहिजे. मुंबईच्या नेहरू तारांगणात मराठी खेळ असतो, त्याला गर्दीही होते. पण इंग्रजी निवेदन आधी लिहून मग घाईघाईनं भाषांतर, असं करू नका. मराठी, तमिळ, बंगाली, आसामी निवेदनं त्या त्या भाषेत लिहिणाऱ्यांकडून सुरुवातीलाच लिहून घ्या. तरंगत्या माणसाला मराठीत काय म्हणायचं हे भाषांतरकाराला आदल्या रात्री सुचत नाही.

चित्रणाच्या मालकीचंही आत्ताच स्पष्ट करा. नासाची छायाचित्रं आणि चित्रफिती बहुतांशी कोणालाही फुकट वापरता येतात. म्हणूनच आपल्या पाठ्यपुस्तकांपासून तारांगणांच्या खेळांपर्यंत सगळीकडे त्यांचेच ग्रह, त्यांचेच अंतराळवीर दिसतात. तयार झालेला चित्रपट तिकीट लावून दाखवा, त्याला माझी हरकत नाही, आयमॅक्सचे चित्रपटही तसेच दाखवतात. पण वरून आलेलं मूळ चित्रण, न कापलेलं, शाळांना आणि संग्रहालयांना मोकळं असावं. करदात्यांनी ते एकदा विकत घेतलेलंच आहे.

दोन्ही कार्यालयांकडून मला एकच उत्तर हवं आहे. गगनयानाच्या चित्रणाची जबाबदारी कोणा एका माणसावर आहे का, आणि असेल तर तो माणूस अंतराळवीरांच्या प्रशिक्षणात बसतो का? नसेल तर कृपा करून समिती नेमू नका. मोठ्या पडद्याचं काम जाणणारा एक छायाचित्रकार आणि एक संकलक नेमा, त्यांना प्रशिक्षण केंद्रात टेबल द्या आणि पहिल्या माणसांच्या उड्डाणानंतरही निदान दहा वर्षं त्यांना तिथून हलवू नका.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सांगली

ता. क. : चित्रपट चाळीस मिनिटांच्या आत ठेवा. सहलीच्या बसला परतायचं असतं, डबे खायचे असतात, आणि पाचवीच्या वर्गाला त्यानंतर लघवीला न्यावं लागतं.